गणित बरोबर, समुद्र चुकला

४ जानेवारी

ही वही क्षिप्राने दिली. माझी मुलगी पुण्याला असते आणि तिथून माझ्या रक्तदाबावर लक्ष ठेवते. डॉक्टरांनी मला सामन्यात ओरडायला बंदी केली आहे. तेव्हा ती म्हणाली, बाबा, जे ओरडावंसं वाटेल ते या वहीत लिहा. आजचं सगळं लिहायचं तर अशा तीन वह्या लागतील, म्हणून थोडक्यात लिहितो. आगरदांड्याने आम्हाला पाच-शून्यने हरवलं.

आम्ही म्हणजे माडशेत. गाव लहान आहे, पण फुटबॉल पन्नास वर्षांचा आहे. बोटीवर नोकरीला असलेल्या एकाने चेंडू आणला तेव्हापासूनचा. मी स्वतः डाव्या बगलेला खेळायचो. किनाऱ्यावरच्या सात गावांची स्पर्धा असते आणि सामने पुळणीवर होतात, ओहोटीला वाळू उघडी पडून टणक झाली की. गेली दोन वर्षं आम्ही शेवटचे. तिसऱ्या वर्षीही शेवटचे आलो तर गावाचं नाव यादीतून जातं, असा नियम आहे. या मोसमातले सहापैकी दोन सामने आम्ही हरून बसलो आहोत.

आज आमच्या बाजूने बघायला नऊ माणसं होती. उत्तरार्धात पाच उरली. पोरं पंधरा मिनिटांत गुडघ्यावर हात ठेवून उभी राहतात आणि चेंडू जवळून गेला तर त्याला वाट देतात. मी ओरडलो नाही. माझी बायको अनुसूया शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, सामन्याकडे नाही.

७ जानेवारी

कप्तान गणराजला गाठलं. कंपनीत पाळीवर काम करतो, सव्वीस वर्षांचा आहे, बोलतो कमी. सराव का करत नाही विचारलं तर म्हणाला, प्रत्येकाची पाळी वेगळी, त्यात वाळू कधी उघडी असेल याचा मेळ बसत नाही, कोण ठरवणार.

मी म्हटलं, मी ठरवीन. चौतीस वर्षं बंदर खात्यात काढली, जेटीवरच्या फळ्यावर रोज भरती-ओहोटीची वेळ लिहिली. तिथे छापील तक्ता यायचा, पण मला तक्त्याची गरज नव्हती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. ओटीवर कॅलेंडर आहे, त्यात तिथी आहे. आता मी रोज हिशेब करून वाचनालयाच्या फळ्यावर वेळ लिहिणार आणि सामन्यानंतर चार शब्द कौतुकाचेही लिहिणार. या संघाला कौतुकाची सवयच राहिलेली नाही.

अनुसूया म्हणाली, तुम्हाला काहीतरी उद्योग हवाच होता.

११ जानेवारी

पहिला सराव. फळ्यावर लिहिलं होतं, 'ओहोटी दुपारी चार. सर्वांनी यावे.' मी साडेतीनलाच घडीची खुर्ची घेऊन गेलो आणि सुरूच्या झाडाखाली बसलो. टोपी, थर्मास, शिट्टी, सगळा सरंजाम.

पोरं आली, चौदाच्या चौदा. पण समुद्र गेलेला नव्हता. खेळायच्या वाळूवर चांगलं पोटरीभर पाणी होतं आणि ते चढत असल्यासारखं वाटत होतं. गणराज आणि गोलकीपर हिरामण पाण्याच्या कडेला उभे राहून काहीतरी बोलले. मग गणराजने वर माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. पोरं पाण्यात उतरली.

गणित मी तिथेच बसून दोनदा तपासलं. बरोबर आहे. खाडीच्या तोंडाशी गाळ काढण्याचं काम चालू आहे, त्याने समुद्राचं वेळापत्रक बिघडलं असावं. समुद्र उशीर करतो आहे, उतरेल.

उतरला नाही. साडेपाचला पाणी गुडघ्याच्या वर. चेंडू तरंगत होता, त्यामुळे जमिनीवरून कुणाला देताच येईना, उचलूनच द्यावा लागत होता. उभं राहिलं की पाय वाळूत रुतत होते, म्हणून सगळी सारखी पळत होती. बघायला मजा आली. शिस्त आहे पोरांना, एकानेही तक्रार केली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सलग चार दिवस सराव झाला, समुद्राने चारही दिवस चूक केली. पोरं तीळगूळ घ्यायला आली ती ओल्या चड्ड्यांनीच. अनुसूया म्हणाली, सुक्या वाळूत खेळवता येत नाही का त्यांना? मी म्हटलं, मी वेळ बरोबर सांगतो, समुद्र ऐकत नाही त्याला काय करू.

१८ जानेवारी

सकाळी मी स्पर्धेचे चिटणीस सलिलसर यांना फोन केला. मुरुडला शिक्षक आहेत, सज्जन माणूस, पण हिशेबात कच्चे. त्यांनी सामना साडेचारला ठेवलेला. माझ्या हिशेबाने पावणेचारला भर भरती. मी म्हटलं, सर, पोरं बुडतील. ते म्हणाले, या तर खरं, हरीकाका.

गेलो तर वाळू पार लांबपर्यंत उघडी. समुद्र एखाद्या सरकारी साहेबासारखा स्पर्धा समितीच्या वेळेवर हजर, म्हणजे गैरहजर. याला नशीब म्हणतात.

सामना हरलो, दोन-एक. पण मी दुःखी नाही. पोरं साठ मिनिटं पळाली. चेंडू गेला की मागे, मिळाला की पुढे. आमच्या बाजूने वीसएक माणसं होती आणि शेवटी ती सगळी उभी होती. वडे विकणाऱ्या नीराबाईने आजवर कधी मैदानाकडे वळूनही पाहिलेलं नाही. आज तिचं तेल तापून धूर निघायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. मला म्हणाली, "मेली पोरं दमतच न्हाईत, काय खायाला घातलंव त्यांना?"

फळ्यावर लिहिलं, 'माडशेत हरले, पण माडशेत परत आले.' लिहून झाल्यावर जरा लांब जाऊन वाचलं. छान दिसत होतं.

२२ जानेवारी

अनुसूयेने उकडीचे मोदक केले. म्हणाली, आज गणेश जयंती. माझ्या हिशेबाने अजून दहा दिवस आहेत. पंचांगकर्त्यांचे मतभेद असतात हे मला माहीत आहे आणि मोदक गरम होते, म्हणून वाद घातला नाही. सात खाल्ले.

३० जानेवारी

तीन दिवस सराव, तिन्ही दिवस पाणी. मी बंदर खात्याला पत्र लिहिण्याच्या विचारात आहे. तिथल्या नव्या लोकांना समुद्र बदलल्याचं कुणी तरी सांगायला हवं.

पण संघाबद्दल सांगायचं तर ही ती पोरंच नाहीत. हिरामण शंभर किलोचा आहे, तो गोलात उभा राहून जांभया द्यायचा. काल पाण्यात झेप घेऊन चेंडू अडवत होता आणि प्रत्येक झेपेला लाट उठत होती. मला कारण माहीत आहे. माणसाला कुणीतरी चांगलं म्हटलं की तो चांगला होतो. फळ्यावरची माझी दोन वाक्यं कामाला आली. हे बाहेर बोललो तर आढ्यता वाटेल, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

१ फेब्रुवारी

दोन-दोन बरोबरी. पूर्वार्धात दोन गोल खाल्ले होते. पूर्वी दोन खाल्ले की पोरं तिसऱ्याची वाट बघायची. आज गणराजने चेंडू काखेत मारून मध्यावर नेला आणि वाळूवर आपटला. त्यानंतर समोरच्यांना श्वास घ्यायला दिला नाही. मुंबईला असलेली आमची पंधरा-वीस माणसं रेवसच्या लाँचने आली होती. त्यांनी ताशा आणला होता. तो वाजवणाऱ्याच्या बोटातून रक्त आलं, पण थांबला नाही.

परत येताना सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते. काकांची युक्ती, काकांचं डोकं, असं चाललं होतं. दोन ओळींचं एवढं कौतुक. मी नम्रपणे म्हटलं, मी फक्त लिहितो, खेळतात ती पोरं. यावर सगळे का हसले ते कळलं नाही.

रक्तदाब एकशे पन्नास. अनुसूयेने क्षिप्राला एकशे तीस सांगितला. माझ्या बायकोवर माझं प्रेम आहे.

१५ फेब्रुवारी

आजचं नीट लिहितो, टाळणार नाही.

सकाळी अनुसूयेने पुढ्यात साबुदाण्याची खिचडी ठेवली. म्हणाली, महाशिवरात्र. मी म्हटलं, महाशिवरात्र सव्वीसला आहे, तुझं पंचांग मोदकांपासून बिघडलंय. तिने दाराबाहेर बोट दाखवलं. शंकराच्या देवळाबाहेर रांग होती. रांगेत अख्खा गाव होता, आणि त्यात आमचे अकरा खेळाडू.

अख्ख्या गावाची तिथी चुकत नाही. मी ओटीवर कॅलेंडरसमोर उभा राहिलो. पालीच्या बल्लाळेश्वराचं सुंदर चित्र आहे त्यावर. साल छापलेल्या पट्टीवर अनुसूयेने दसऱ्याला झेंडूचा हार अडकवला होता, तो वाळून तसाच लोंबत होता. मी तो बाजूला केला. साल गेल्या वर्षीचं.

या वर्षीचं कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे, कारण त्यावर सिमेंटच्या गोण्यांचं चित्र आहे आणि ते ओटीवर शोभणार नाही असं तिला वाटलं. जुनं तिने चित्रासाठी ठेवलं. तिचं काही चुकलं नाही. वारही जुळत नव्हते, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण निवृत्त माणसाला वाराशी काय करायचं असतं.

सगळ्या वेळा पुन्हा काढल्या. माझी वेळ प्रत्येक वेळी तीन तासांनी चुकली होती. म्हणजे समुद्राचं काही बिघडलेलं नाही. जानेवारीपासून मी पोरांना चढत्या भरतीत उतरवत होतो आणि वर खुर्चीत बसून चहा पीत होतो.

सामना एक-शून्यने जिंकलो. उपाशीपोटी, रताळ्यांवर. सगळे नाचले. मी टाळ्या वाजवल्या.

१६ फेब्रुवारी

झोप लागली नाही. आता उलगडलं की लोक कौतुक कशाचं करत होते. आज नीराबाईने सरळ सांगितलं. तिच्या मते, काकांनी मुद्दाम पोरांना पाण्यात पळवलं, म्हणून सुक्या वाळूत ती हरणासारखी पळतात. गावाला वाटतं ही माझी शिकवण्याची पद्धत आहे. फळ्यावरचं माझं कौतुक तर कुणी वाचलेलं दिसत नाही.

पोरांना काय वाटत असेल? काका म्हणाले ओहोटी, म्हणजे ओहोटी. चौतीस वर्षांच्या नोकरीवर विश्वास ठेवून पाण्यात उतरली बिचारी. मला याचंच जास्त लागलं आहे.

मुकाट्याने बरोबर वेळा लिहायला लागावं, की खरं सांगावं? शेवटचा सामना एक मार्चला, भेरशेतशी. आम्ही आणि ते तळाला बरोबरीत आहोत, पण गोल आम्ही जास्त खाल्ले आहेत. जिंकलो तरच राहतो. आता जर पोरांना कळलं की काकांना स्वतःचं कॅलेंडर वाचता येत नाही, तर त्यांचा धीर सुटेल. अनुसूयेला सांगितलं नाही. वहीत लिहिल्याने हलकं वाटतं असं क्षिप्रा म्हणाली होती. ते काही खरं नाही.

२६ फेब्रुवारी

फळ्यावर लिहिलं, 'ओहोटी साडेचार.' या वेळी डोळे उघडे ठेवून लिहिलं. साडेचारला गुडघाभर पाणी असणार हे मला पक्कं माहीत होतं. बंदर खात्याच्या नोकरीत मी एकदाही खोटी वेळ लिहिली नव्हती. खडू दोनदा मोडला.

पोरं आली, पाण्यात उतरली, दीड तास पळाली. पाणी थंड होतं. जाताना गणराज वर आला आणि विचारू लागला, काका, तब्येत बरी हाय ना, आज शिट्टी वाजवली न्हाय तुम्ही. मी म्हटलं, घसा बसलाय.

२८ फेब्रुवारी

आज सांगायचं ठरवून गणराजच्या घरी गेलो. त्याची आई मनुबाई कांदे सोलत होती. मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाली, मागच्या वर्षी हा सामन्यावरून आला की जेवायचा नाही, बूट कोपऱ्यात टाकायचा. आता रोज रात्री स्वतः धुऊन वाळत घालतो. तुमचे उपकार आहेत.

मी चहा प्यायलो आणि काही न सांगता घरी आलो. भित्रा आहे मी.

२ मार्च

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सकाळी उठून लिहितो.

सामना पावणेचारला होता. अख्खं माडशेत आलं होतं. नीराबाईने गाडी लावलीच नाही, आज वडे मिळणार नाहीत असं सगळ्यांना बजावून पुढे येऊन बसली. भेरशेतचा संघ तरणा आणि चपळ, दहाव्या मिनिटालाच त्यांनी गोल केला. मी शिट्टी हातात घट्ट धरून बसलो. अनुसूया माझी नाडी धरून बसली.

पूर्वार्ध त्यांचा होता. उत्तरार्धाची दहा मिनिटं झाल्यावर त्यांचा पहिला पोरगा गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. मग दुसरा. आमचे मात्र अजून पाण्यात असल्यासारखे पाय उचलून पळत होते. कोपऱ्यावरून चेंडू उचलून आत आला आणि गणराजने डोक्याने मारला. एक-एक. त्यानंतर वीस मिनिटं मी असा खेळ पाहिला की मला माझं वय आठवेना. एकजण पडला की त्याच्या जागी दुसरा, आणि पडलेला उठून तिसऱ्याच्या जागी. ताशा थांबला होता, कारण वाजवणारा स्वतःच ओरडत होता. दोन मिनिटं उरली असताना डाव्या बगलेने एक पोरगा निघाला, माझ्याच जागेवरून. त्याने मान वर करून पाहिलं आणि चेंडू गोलच्या लांबच्या कोपऱ्यात टाकला.

मी ओरडलो. डॉक्टरांना काय सांगायचं ते अनुसूया बघेल.

माडशेत यादीत राहिलं. नंतर लोकांनी मला उचलून एका उलट्या होडीवर उभं केलं. सलिलसर मोठ्याने म्हणाले, बाकीच्या गावांनाही कळू दे, पाण्यातल्या सरावाची ही कल्पना तुम्हाला कशी सुचली, काका? सगळे होडीजवळ सरकले. भेरशेतची पोरंही ऐकत होती.

तेव्हा मी सांगितलं. कॅलेंडर, हार, साल, सगळं. समुद्र चुकतोय असं मी म्हणत होतो, तेही. शेवटच्या आठवड्यात कळूनसवरून खोटी वेळ लिहिली, तेही. म्हटलं, कल्पना-बिल्पना काही नव्हती, म्हाताऱ्याची चूक होती आणि पोरांनी ती विश्वासाने पाण्यात उभं राहून भोगली. मला माफ करा.

कुणी हसलं नाही. गणराज पुढे आला, अंगभर वाळू चिकटलेली.

"काका, पयल्याच दिवशी समजलं व्हतं," तो म्हणाला. "दर्याच्या कडंला वाढलेली पोरं आम्ही, भरती न्हाय वळखायची व्हय? मी हिरामणला बोललो पन, काकांची वेळ चुकलीय, चल घरी जाऊ. मंग वर बघितलं, तर तुम्ही खुर्ची टाकून बसलेलं. टोपी घालून, थर्मास घेऊन. दोन वर्षांत आमचा सराव घ्यायला एक मानूस आला नव्हता. तुमाला परत कसं पाठवायचं? म्हनून उतरलो पान्यात."

हिरामण मागून म्हणाला, "थंडी लय व्हती पन."

ही काकांची युक्ती आहे असं गावात पसरवलं ते पोरांनीच, कुणी मला हसू नये म्हणून. हे मला हिरामणने नंतर सांगितलं.

होडीवर उभा राहून मी रडलो, दोन्ही गावांच्या देखत. लपवायचं काही कारण नव्हतं. दोन महिने मी समजत होतो की मी या पोरांना उभं केलं. रोज थंड पाण्यात उतरून ती मला सांभाळत होती आणि त्यातच त्यांचे पाय तयार झाले. मनुबाई माझे उपकार मानत होती आणि मी तो चहा पिऊन आलो होतो.

अनुसूयेने मला हात धरून खाली उतरवलं. लोक पांगायला लागले, पाणी परत फिरलं होतं. गणराज बूट हातात घेऊन माझ्याबरोबर सुरूच्या झाडांपर्यंत चालत आला. तिथे थांबून त्याने विचारलं, पुढच्या मोसमाचा सराव उद्यापासनंच धरू, किती वाजता यायचं?

मी म्हटलं, समुद्र बघून सांगतो.